बाद द्यायचा हात

३ नोव्हेंबर, रविवार

आज बनियनने माझा पराभव केला. डावा हात सुटला, डोकं अर्धं सुटलं आणि उजवा हात कोपरापासून आतच राहिला. तो वर न्यायला गेलो तर खांद्यात अशी कळ आली की तोंडातून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. बायको दारात येऊन उभी राहिली. क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "अहो, कात्री आणू का?" ती एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. सहानुभूती दाखवायची असली की ती असेच प्रश्न विचारते.

खांदा महिनाभर कुरकुरत होता. मी लक्ष दिलं नाही. आज नीट तपासून पाहिलं. हात पुढून छातीपर्यंत जातो, त्यापुढे नाही. बाजूने त्याहून कमी. कोणीतरी आतून खुंटी मारून ठेवल्यासारखा मधेच थांबतो.

नुसता हात असता तर एक वेळ चाललं असतं. हा बाद द्यायचा हात आहे.

५ नोव्हेंबर

हाडांच्या डॉक्टरने माझा हात धरून वर ढकलला. हात वर गेला नाही, मीच खुर्चीतून वर गेलो.

"फ्रोझन शोल्डर," तो म्हणाला. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, आखडतं आणि हात गोठल्यासारखा होतो म्हणे.

"कशामुळे?"

"पुष्कळदा कारण सापडत नाही."

"किती दिवस चालतं?"

"वर्ष, दीड वर्ष. काहींना जास्त."

"आणि मग?"

"मग हळूहळू सुटतो. बहुतेकांचा."

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. काटा केसभर जरी सरकलेला असला तरी दुकानदाराला सोडत नाही. 'बहुतेक' हा शब्द भाजीवाल्याकडून मी ऐकून घेत नाही, तो डॉक्टरकडून का घ्यावा? पण डॉक्टरला सील ठोकता येत नाही. साखर तपासली, ती ठीक निघाली. गोळ्या घेऊन आलो.

नोकरीला हात छातीपर्यंत पुरतो. खरा प्रश्न रविवारचा. गेली कित्येक वर्षं मी क्लबांच्या क्रिकेट लीगमध्ये पंच म्हणून उभा राहतो. खेळाडू पाठीमागे मला 'तराजू' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला ते नाव आवडतं. हंगाम संपला की वरच्या श्रेणीसाठी पंच निवडायचे आहेत आणि त्यात माझं नाव चाललंय असं साडू सांगतो. साडूही पंच आहे. बहुतेक सामन्यांत तोच माझा जोडीदार असतो. स्क्वेअर लेगला उभं राहून तो जे करतो त्याला मी विश्रांती म्हणेन, पण बातम्या त्याच्याकडे पक्क्या असतात.

हात वर जात नाही हे बाहेर कळलं तर नाव कापलं जाईल. तेव्हा कोणाला सांगायचं नाही. बायकोला कळलंय, त्याला इलाज नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

निभावलं. त्रिफळा उडाला किंवा सरळ झेल गेला की फलंदाज आपण होऊन चालू लागतो, पंचाला बोटसुद्धा उचलावं लागत नाही. अडचण षटकाराची. त्याला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. मी डावा पूर्ण वर नेला, उजवा जमेल तिथपर्यंत नेला. गुणलेखक टेबलावरून ओरडला, "सर, बाय का?" कारण एकच हात वर म्हणजे बाय. मी ओरडलो, "चेंडू कुंपणाबाहेर गेलेला दिसला नाही का तुला?" लोक हसले. त्याला हसले असं मी धरून चाललोय.

पायचीतचं एक मोठं अपील झालं. गोलंदाज तो डावरा. चोविशीतला, उंच, चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो, फारसं बोलत नाही. यंदा त्याचं नाव जिल्हा संघाच्या निवड समितीच्या तोंडी आहे. चेंडू मधल्या यष्टीसमोर पॅडवर आदळला असं प्रथमदर्शनी वाटलं. पण मग मी विचार केला. तो थोडा जास्त उसळला नसता कशावरून? शंका असली की फायदा फलंदाजाचा. मी मान हलवली.

मान उत्तम हलते.

२४ नोव्हेंबर, रविवार

पंच म्हणून माझ्यात एक नवी परिपक्वता येतेय असं जाणवतं. पूर्वी मी पटकन बोट वर करत असे. तरुण होतो, घाई होती. आता अपील झालं की मी थांबतो, चेंडूचा सगळा प्रवास मनात पुन्हा पाहतो, आणि नेमकी कुठेतरी शंका सापडते. शोधलं की सापडतेच. फलंदाज खूश आहेत. एक जण जाताना म्हणाला, "सर, तुम्ही असलात की खेळायला मजा येते." इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

डाव्या हाताने बाद द्यायचा विचार आरशासमोर करून पाहिला. नियमात उजवाच पाहिजे असं कुठे नाही. पण ते दिसतं कसं, तर रिक्षा थांबवल्यासारखं. शिवाय लोक विचारतील, उजव्याला काय झालं? नको.

१ डिसेंबर, रविवार

डावऱ्याची आज पुन्हा तीन-चार अपिलं. सगळी पायचीतची, सगळी शंकास्पद. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. टोपी हातात.

"सर, माझं कुठे चुकतंय ते सांगाल का?"

मला बरं वाटलं. हल्लीची मुलं विचारत नाहीत. मी म्हणालो, "दिशा बरी आहे, पण थोडा सरळ टाक. पंचाच्या मनात किंतू राहता कामा नये."

"सरळच टाकतोय सर."

"आणखी सरळ."

तो गेला. मुलात गुण आहेत, नशीब नाही.

८ डिसेंबर, रविवार

साडूने पकडलं. सामना संपल्यावर त्याने माझी टोपी फेकली, नेहमी फेकतो तशी, आणि ती झेलायला माझा उजवा हात वर गेला नाही. टोपी तोंडावर बसली.

"अरे, कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"हात वर होत नाही तर सरळ हात वर करून मोकळा हो ना! हंगामभर सुट्टी घे."

त्याला आपल्या विनोदाचं इतकं हसू आलं की पोट धरून खाली बसला. मी म्हणालो की माझ्या निर्णयांवर खांद्याचा काडीइतका परिणाम नाही. तो म्हणाला, "मी तसं म्हटलंच नाही." मग उगाच बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला.

त्यानेच उपाय सुचवला. त्याच्या शेजाऱ्याची टाच शॉकवेव्हने बरी झाली म्हणे. ते खांद्यालाही देतात. मी म्हटलं, शॉक? तो म्हणाला, "घाबरू नकोस. फक्त अंग ओलं ठेवू नकोस आणि रबरी चप्पल घालून जा."

१४ डिसेंबर

रबरी चप्पल घालून गेलो. अंगठी, घड्याळ आणि पट्टा घरी काढून ठेवला. पट्ट्याशिवाय पँट सांभाळत जिने चढणं हा वेगळा व्यायाम झाला.

दवाखाना टायरच्या दुकानावर आहे. दोन पलंग, मधे पडदा, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. फिजिओबाई तिशीच्या. मी विचारलं, "अर्थिंग नीट आहे ना?"

"कसलं अर्थिंग, काका?"

"शॉक देणार ना तुम्ही?"

त्या हसल्या नाहीत, पण पडद्यापलीकडचा पेशंट हसला. मग त्यांनी समजावलं. विजेचा संबंध फक्त यंत्र चालू करण्यापुरता. बाकी हवेच्या दाबाने ठोके बसतात, त्यांच्या लहरी आत जातात, दुखणं कमी व्हायला मदत होते. मी विचारलं, नक्की?

"नक्की असं नाही म्हणत. कोणाला चांगला फरक पडतो, कोणाला थोडा. आठवड्याला एकदा, पाच वेळा करून बघू. पण काका, यंत्र हात वर नेणार नाही. यंत्राने दुखणं कमी झालं की हात तुम्हाला न्यायचाय. घरी व्यायाम करायचे." त्यांनी दाखवले. हात लोंबता ठेवून झोका द्यायचा, भिंतीवर बोटांनी चढत जायचं, पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा. मला हे सगळं पोरकट वाटलं. पण शिष्टाचार म्हणून मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज झालोय.

मग खांद्यावर थंडगार चिकट लेप आणि त्यावर ती पिस्तुलासारखी मूठ. टक्-टक्-टक्-टक्. रस्ता फोडणारा मजूर खांद्यावर येऊन बसला.

"दहापैकी किती दुखतंय?"

"चार," मी म्हणालो.

"डोळ्यांतून पाणी येतंय, काका."

"ते सर्दीचं."

त्यांनी जोर थोडा कमी केला. पडद्यापलीकडून आवाज आला, "मी नऊ सांगतो, लाजू नका."

१५ डिसेंबर, रविवार

खांदा ठणकतोय. यंत्र काम करतंय याचा हा पुरावा. सामन्यात डावऱ्याने दोन वेळा अपील केलं. दुसऱ्या वेळी सगळा संघ हात पसरून माझ्यासमोर. मी हललो नाही. दबावाला बळी पडेल तो पंच कसला!

२१ डिसेंबर

दुसरी वेळ. आज बायको बरोबर आली. मी पडद्याआड ठोके खात असताना ती आणि फिजिओबाई बाहेर बोलत होत्या. बराच वेळ. बायकांना ओळख लागते कशी, देव जाणे. येताना विचारलं, काय एवढं? म्हणाली, "शाळेत मुलींसाठी शिबिर घ्यायचंय." ठीक आहे.

२३ डिसेंबर

या घरात आजारी माणसाला किंमत नाही. आज बायकोने फर्मान काढलं की स्वयंपाकघराच्या फरशा मी पुसायच्या. भिंतीवरच्या. उजव्या हाताने, कारण डाव्याने डाग राहतात म्हणे. मी खांद्याकडे बोट दाखवलं तर म्हणाली, "पोचेल तिथपर्यंतच पुसा. वरचं उद्या."

२६ डिसेंबर

आज फरशांची कालच्यापेक्षा वरची ओळ पुसायला लावली. शिवाय संध्याकाळी कुंड्यांना पाणी. झारी असताना छोट्या डब्याने. वाकायचं, हात सैल सोडायचा आणि डबा गोल फिरवत पाणी घालायचं, त्याने पाणी सारखं पसरतं हा तिचा शोध. मी म्हणालो, झाडांना गोल पाणी लागतं हे कोणत्या पुस्तकात आहे? तिने मुख्याध्यापिकेसारखं बघितलं. मी डबा फिरवला.

आंघोळीनंतर पाठ पुसायला लांब टॉवेल ठेवते आणि दाराबाहेरून विचारते, "दोन्ही बाजूंनी ओढून पुसली का?" नवऱ्याची पाठ कोरडी झाली की नाही याची चौकशी तिने आजवर कधी केली नव्हती. वयाबरोबर माणसं विचित्र होत जातात.

फिजिओबाईंचे व्यायाम करायला वेळच मिळत नाही. घरकामातून सुटलो तर करीन.

४ जानेवारी

चौथी वेळ. हात खांद्याच्या वर गेला! दुखलं, पण गेला. फिजिओबाईंनी मोजपट्टी लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "व्यायाम छान करताय काका." मी नम्रपणे हसलो. एकही केलेला नाही हे सांगून त्यांचा उत्साह कशाला घालवा? यंत्र म्हणजे यंत्र. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतोय. हात दुखो, पाय दुखो, शॉकवेव्ह घ्या. एका सहकाऱ्याने दाढेसाठी चालेल का विचारलं. विचारून सांगतो म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस बरा नव्हता.

माझा जावई एका क्लबकडून सलामीला खेळतो. आज त्याचा संघ आणि डावऱ्याचा संघ. मी आधीच लीगच्या अध्यक्षांना सांगितलं होतं की मैदानावर मला नातं नाही. दुसरा पंच साडू, म्हणजे नात्याचं वजन दोन्ही टोकांना सारखं.

डावऱ्याच्या पहिल्याच षटकात चेंडू जावयाच्या पॅडवर. तो क्रीजमध्ये अडकलेला, मागे पाय, पुढे बॅट, मधे काहीच नाही. अपील असं झालं की बाहेर रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. मी नेहमीप्रमाणे विचार केला. हात खांद्याच्या वर जातो, पण कानापाशी येताना थरथरतो, आणि थरथरत्या बोटाने जावयाला बाद देणं कसं दिसेल? लोक म्हणतील, भावनेच्या भरात दिलं. मी मान हलवली.

जावई पुढे दिवसभर खेळला. डावऱ्याचा संघ हरला.

सामन्यानंतर डावरा आला. चेहरा कोरा. "सर, आमच्या दुकानात एकदा या. नंबर तपासून देतो." त्याच्या मागची मुलं फिदीफिदी हसली. तो हसला नाही. मला वाटतं तो खरोखरच बोलावत होता.

घरी मुलीचा फोन. "बाबा, सगळे म्हणतायत तुम्ही जावयाला वाचवलंत. ह्यांना तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

"तुझ्या नवऱ्याने शतक केलंय."

"तेच तर!" म्हणाली आणि ठेवला.

बायकोला विचारलं, तुला काय वाटतं? ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "आज पडद्याचा गज पुसायचा राहिलाय."

२ फेब्रुवारी, रविवार

पडद्याचा गज, पंख्याची पाती, माळ्याची कड. सगळं लखलखतंय. स्टुलाशिवाय. यंत्राच्या पाचही वेळा संपून तीन आठवडे झाले तरी त्याचा परिणाम वाढतोच आहे. फिजिओबाईंना फोन करून अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "काकूंना द्या ना फोन." पुन्हा शिबिराचं असणार.

साडू सांगतो की वरच्या श्रेणीच्या यादीवर माझ्या नावापुढे कोणीतरी 'जावई?' असं लिहिलंय. इतकी वर्षं काटे तपासले, आणि आता लोक माझाच काटा तपासणार! अंगाची लाही झाली. अंतिम सामन्याला मीच उभा राहणार असं अध्यक्षांना ठणकावून सांगितलं. पुन्हा तेच दोन संघ आहेत. होऊ दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी शर्ट घालताना हात सहज वर गेला. कळ नाही, अडथळा नाही. मी तो खाली आणला आणि पुन्हा नेला. आरशासमोर बोट वर केलं. सरळ, ताठ, कानाला लागून. कितीतरी महिन्यांनी मी पूर्ण पंच दिसत होतो. डोळे भरून आले. या वेळी सर्दी नव्हती.

मैदानावर माणसं खूप. निवड समितीचे लोक खुर्च्या टाकून बसलेले. डावऱ्याचा संघ आधी खेळला, बऱ्या धावा केल्या. मग जावई सलामीला. पहिलं षटक डावऱ्याचं, माझ्या टोकाकडून.

चेंडू आत आला. जावयाने बॅट पुढे केली. एक आवाज झाला, मग दुसरा. डावरा वळला, त्याने तोंड उघडलं. अपील म्हणता येईल इतका आवाज त्याने केला की नाही, मला सांगता येणार नाही. मागचे बाकीचे ओरडले, हे नक्की.

आणि हात वर गेला. मी नेला असं म्हणता येणार नाही. तो गेला. काय सुरेख गेला! आकाशात बोट, कोपर सरळ, खांद्यात नुसतं लोणी. मला वाटतं मी हसतही होतो.

जावई माझ्याकडे बघत राहिला. मग बॅट वर करून त्याने कडेवरचा ताजा लाल डाग दाखवला. पहिला आवाज बॅटचा होता. आधी बॅट, मग पॅड. हे पायचीत होत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी बोट खाली घेतलं नाही. बोट एकदा वर गेलं की गेलं. शिवाय 'जावई?' असं लिहिणाऱ्यांनीही बघितलं पाहिजे होतं. जावई चालू लागला.

तेव्हा डावरा आपल्या कर्णधाराकडे गेला. काही बोलला. कर्णधार चिडला, हातवारे केले. डावरा तिथेच उभा, मान खाली, पण हलेना. शेवटी दोघं माझ्याकडे आले.

"सर, बॅटला लागला होता," डावरा म्हणाला. "मला ऐकू आलं. आम्ही अपील मागे घेतो."

"निर्णय झालाय," मी म्हणालो.

"हो सर. पण तो बाद नाही."

"तुला बळी नकोय का? समोर समितीचे लोक बसलेत."

"हवाय की सर." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कधीपासून हवाय! पण हा नाही."

साडू स्क्वेअर लेगवरून चालत आला होता. इतक्या लांब त्याला चालताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या कानाशी म्हणाला, "फलंदाज अजून मैदानात आहे. बोलाव त्याला. आणि गुणलेखकाला खूण कर."

निर्णय रद्द केल्याची खूण अशी असते की दोन्ही हात छातीवरून आडवे घ्यायचे आणि उजव्या हाताने डावा खांदा, डाव्या हाताने उजवा खांदा शिवायचा. मी ती पुस्तकात पाहिली होती. करायची वेळ कधी आणली नव्हती. सगळ्या मैदानासमोर, स्वतःलाच कवटाळल्यासारखा, मी उभा राहिलो. मग टाळ्या सुरू झाल्या. खूप टाळ्या. मला आधी कळेना कोणासाठी. मग लोक माझ्याकडे बघत होते म्हणून मी किंचित मान झुकवली.

उजवा हात डाव्या खांद्यापर्यंत पूर्ण पोचला. फिजिओबाईंना सांगायला हवं.

जावयाने त्यानंतर सामना जिंकून दिला. डावऱ्याला शेवटपर्यंत बळी मिळाला नाही. त्याच्या दोन चेंडूंवर झेलही सुटले. नशीब नाही म्हणतात ते हेच.

९ मार्च, रविवार

आज लीगचा समारंभ. एका शाळेच्या सभागृहात, हार-तुरे, माईकची शिट्टी, सगळं यथासांग. माझं नाव वरच्या श्रेणीत आलं. शिवाय एक पुरस्कार, 'खिलाडूवृत्तीसाठी'. अध्यक्ष म्हणाले, "चूक दिसताच भर मैदानात ती सुधारण्याचं धैर्य किती पंचांकडे असतं?" मी ढाल घेतली. फोटोवाला म्हणाला, "वर धरा सर, आणखी वर." मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. सभागृहात कौतुकाची लाट आली. साडूने शिट्टी वाजवली, पण डोळा मिचकावला नाही. नेहमी मिचकावतो.

मग निवडलेल्या खेळाडूंची नावं वाचली. जावई आहे. डावरा नाही.

मी अध्यक्षांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "पोरगा गुणी आहे हो. पण आकडे बोलतात. हंगामभर त्याच्या नावावर बळीच कुठे आहेत?"

"आकडे बोलतात खरे," मी म्हणालो. मापांच्या खात्यातला माणूस दुसरं काय म्हणणार?

बाहेर पडताना डावरा दाराशी भेटला. त्याने हात पुढे केला. "अभिनंदन सर." मग माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "आता छान वर जातो तुमचा हात."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"पहिल्या सामन्यापासून कळत होतं, सर. षटकाराच्या वेळी." आणि बायकोला नमस्कार करून तो निघाला. दुकान अर्धा दिवस उघडं असतं म्हणे रविवारी.

घरापर्यंत आम्ही चालत आलो. ढाल जड आहे, मी ती उजव्या हातात धरली होती, मुद्दाम. मी बायकोला म्हणालो, "यंत्राने कमाल केली बघ."

ती म्हणाली, "यंत्राने?"

"मग कोणी?"

ती चालत राहिली. फाटकाशी आल्यावर थांबली. किल्ली पर्समध्ये शोधता शोधता, उगाच विचारावं तसं विचारलं, "अहो, त्या मुलाचे किती बळी तुमच्या खांद्यात अडकलेत हो?"

मी म्हणालो, "खांदा आता पूर्ण मोकळा आहे."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

ती आत गेली. मी ढाल टेबलावर ठेवली आणि ही वही घेऊन बसलो. आधीची पानं चाळली नाहीत, आठवूनच मोजायला लागलो. पहिला, मधल्या यष्टीसमोर. तो बहुधा होता. चहाच्या आधीचा एक. तोही. जावयाचा, बरं, तोही होता.

चौथा आठवतो तो मात्र यष्टीच्या वरून गेला असता. असं मला अजूनही वाटतं.